वाचक आणि द्योतक : स्तनाच्या कर्करोगातील दीर्घ ‘असंकेती’ आरएनए आणि आपली परिभाषा

१. प्रश्न कसा पडला

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर कुकटपल्लीतल्या आमच्या वसाहतीत हळदीकुंकू होते. हाउसिंग बोर्डाच्या या भागात मराठी घरे बरीच आहेत. काही नांदेड-उदगीरकडून तीन पिढ्यांपूर्वी आलेली, काही पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी अलीकडे आलेली. वाण देऊन झाल्यावर शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेतले आणि हातात दोन छापील कागद ठेवले. त्यांच्या मुलीने कुठून तरी उतरवून आणले होते. “मॅडम, तुम्ही मराठी शिकवता ना? मग हे मराठीत सांगा. लेक म्हणते, नॉन-कोडिंग म्हणजे ज्याचा काही अर्थ नाही असं. मग बिनकामाच्या गोष्टीनं आजार वाढतो कसा?”

वहिनींना स्तनाचा कर्करोग झाल्याचे त्याआधी दोन महिन्यांपूर्वी कळले होते. आजार तिसऱ्या टप्प्यात होता. गाठ त्यांच्या हाताला त्याच्याही सात-आठ महिने आधी लागली होती. घरात त्या एवढेच म्हणाल्या होत्या, “तिथं काहीतरी लागतंय.” ‘तिथं’ म्हणजे कुठे, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मी साहित्याची अध्यापक आहे, जीवशास्त्राची नाही. तरीही वहिनींच्या प्रश्नाचा निम्मा भाग माझ्या विषयातला आहे, असे मला त्याच दिवशी वाटले. ‘अर्थ नाही’ असे आपण कशाला म्हणतो? जे स्वतः काही सांगत नाही, पण दुसऱ्याच्या सांगण्याला वळण देते, त्याला निरर्थक म्हणावे का? हा प्रश्न आपल्या व्याकरणपरंपरेने फार पूर्वी विचारलेला आहे. प्रस्तुत लेखात तीन गोष्टी करायच्या आहेत : दीर्घ असंकेती आरएनए म्हणजे काय आणि स्तनाच्या कर्करोगात ते काय करतात, हे मराठीत मांडणे, त्यांच्यासाठी आपण वापरत असलेली संज्ञा तपासणे, आणि परिभाषेचा हा प्रश्न रुग्ण स्त्रीपर्यंत कसा पोहोचतो, हे पाहणे.

२. जीवशास्त्राने भाषेकडून घेतलेले शब्द

आनुवंशिकतेचे आधुनिक शास्त्र भाषेच्या शब्दांवर उभे आहे. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली. त्यानंतर त्यातील चार घटकांना ‘अक्षरे’, तीन अक्षरांच्या गटाला ‘संकेत’, डीएनएवरून आरएनए तयार होण्याला ‘प्रतिलेखन’ आणि आरएनएवरून प्रथिन तयार होण्याला ‘भाषांतर’ म्हणण्याची रीत पडली. मराठीतही प्रतिलेखन हाच शब्द रूढ आहे आणि तो चांगला आहे. मठात एक मूळ पोथी असावी आणि तिच्यावरून नकलकाराने कामापुरती पाने उतरवून न्यावीत, तसे पेशीच्या केंद्रकात घडते. मूळ पोथी जागची हलत नाही. उतरवलेले पान म्हणजे आरएनए.

बराच काळ असे मानले गेले की उतरवलेल्या पानाचे काम एकच : प्रथिनाचा मजकूर कारखान्यापर्यंत नेणे. प्रथिनेच शरीर घडवतात आणि चालवतात. म्हणून ज्या भागावरून प्रथिन बनते तो ‘अर्थपूर्ण’ आणि उरलेला ‘निरर्थक’, अशी विभागणी झाली. १९७२ मध्ये सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने उरलेल्या भागासाठी ‘जंक’, म्हणजे अडगळ, हा शब्द वापरला आणि तो लोकांच्या तोंडी बसला.

पुढे मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ही अडगळ केवढी मोठी आहे ते दिसले. आपल्या पोथीत सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. प्रथिनांचा मजकूर असलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी, आणि प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २० हजार. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. उरलेल्या भागातूनही पेशी पाने उतरवत असते. हजारो पाने उतरतात, पण त्यांचे प्रथिन कधीच होत नाही. यांतील दोनशे अक्षरांहून लांब असलेल्या पानांना इंग्रजीत ‘लाँग नॉन-कोडिंग आरएनए’ हे नाव मिळाले. दोनशेची ही मर्यादा निसर्गाने आखलेली नाही. प्रयोगशाळेत लहान आरएनए वेगळे काढण्याच्या सोयीसाठी ती धरली गेली. अलीकडे काही तज्ज्ञ ती पाचशेवर न्यावी असे सुचवतात.

या सगळ्या पानांना काम आहेच, असे मात्र समजू नये. बरीच पाने खरोखर वाऱ्यावर उडालेली असू शकतात. ज्यांचे काम प्रयोगाने दिसले आहे अशी पाने मोजकीच आहेत. त्यांतील काही स्तनाच्या कर्करोगाशी निगडित आहेत.

३. प्रथिन न होताही काम करणारी पाने

प्रथिन न बनवता आरएनए काय करू शकतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण प्रत्येक स्त्रीच्या शरीरात आहे. स्त्रीच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन असतात, पुरुषाच्या पेशीत एक. दोन्ही एक्स पूर्ण वेगाने चालू राहिले तर स्त्रीच्या पेशीत त्यांच्या जनुकांचे उत्पादन दुप्पट होईल. म्हणून गर्भावस्थेच्या आरंभीच प्रत्येक पेशी एक एक्स जवळजवळ गप्प करते. हे काम ‘एक्सिस्ट’ नावाचा आरएनए करतो. त्याचा शोध १९९१ मध्ये लागला. सुमारे १७ हजार अक्षरांचे हे लांबलचक पान ज्या गुणसूत्रावरून उतरते, त्यालाच पांघरुणासारखे लपेटून घेते आणि मग तिथे जनुके बंद करणारी प्रथिने गोळा होतात. एक्सिस्ट स्वतः काहीच ‘बोलत’ नाही, पण एका अख्ख्या गुणसूत्राचे बोलणे थांबवते.

अशा आरएनएंची कामे ढोबळमानाने चार प्रकारची सांगतात. काही खुणेसारखे असतात. ते दिसले की पेशीत अमुक घडामोड चालू आहे असे समजावे. काही हुलकावणी देतात : एखाद्या प्रथिनाला आपल्याकडे ओढून त्याच्या खऱ्या जागेपासून दूर ठेवतात. काही वाटाड्याचे काम करतात, म्हणजे प्रथिनांना योग्य जनुकापाशी नेतात. काही परांचीसारखे असतात. दोन-तीन प्रथिने एकत्र उभी राहावीत म्हणून आधार देतात. एकच आरएनए यांतील दोन कामेही करू शकतो.

४. स्तनाच्या कर्करोगातील चार उदाहरणे

स्तनाची पेशी संप्रेरकांच्या तालावर वाढते आणि थांबते. पाळी, गर्भारपण, स्तनपान, पाळी जाणे या प्रत्येक वळणावर तिला नव्या सूचना मिळतात. कर्करोगात ‘थांब’ ही सूचना ऐकली जात नाही. कधी त्याचे कारण जनुकाच्या मजकुरातच असते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून येतो. पहिले जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, दुसरे १३व्या. पण स्तनाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण असा एखादा ठळक वारसा घेऊन आलेले नसतात. तिथे मजकुरातील चुका वयाच्या ओघात साचलेल्या असतात, आणि मजकूर जागेवर असूनही तो केव्हा, किती वाचायचा याचे नियंत्रण सुटलेले असते. दीर्घ असंकेती आरएनएंचा संबंध मुख्यतः या नियंत्रणाशी आहे.

पहिले उदाहरण ‘एच-१९’. १९९० मध्ये तो प्रथिन न बनवणारा आरएनए म्हणून ओळखला गेला आणि या कुळातला सर्वांत आधी वर्णन झालेला सदस्य ठरला. गर्भात तो भरपूर असतो आणि जन्मानंतर बहुतेक अवयवांत जवळजवळ नाहीसा होतो. स्तनाच्या गाठींच्या अनेक नमुन्यांत तो पुन्हा वाढलेला दिसतो. लहानपणची सवय मोठेपणी परत यावी, तसे हे आहे.

दुसरे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध : ‘हॉटेअर’. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन रिन आणि हॉवर्ड चांग यांच्या गटाने २००७ मध्ये तो शोधला. लांबी २,१५८ अक्षरे. तो १२व्या गुणसूत्रावरून उतरतो, पण दुसऱ्या गुणसूत्रावरील जनुके बंद करतो. एका वाड्यात लिहिलेल्या चिठ्ठीने दुसऱ्या वाड्याचा दरवाजा बंद व्हावा, तसा हा प्रकार. २०१० मध्ये याच वर्तुळातील संशोधकांनी दाखवले की स्तनाच्या काही गाठींत हॉटेअर निरोगी ऊतीच्या कित्येक पट असतो, आणि ज्या स्त्रियांच्या गाठीत तो जास्त होता त्यांच्यात रोग दूरच्या अवयवांत पसरण्याचे आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त होते. नावातील गंमत भाषेच्या अभ्यासकाने टिपावी अशी आहे. इंग्रजीत ते नाव ‘गरम हवा’ असे ऐकू येते, आणि त्याचा बोलीतला अर्थ पोकळ बाता असा आहे. ज्याला लोक पोकळ म्हणत होते, त्यालाच मुद्दाम हे नाव मिळाले.

पण इथे थांबलो तर कागद अर्धाच वाचल्यासारखे होईल. हॉटेअर जनुके बंद करणाऱ्या एका प्रथिनसमूहाला वाट दाखवतो, असे आधी मानले गेले. २०१७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरच झालेल्या एका अभ्यासात दिसले की तो प्रथिनसमूह काढून टाकला तरी हॉटेअर जनुके बंद करू शकतो. म्हणजे परिणाम दिसतो, पण तो नेमका कोणत्या वाटेने घडतो हे पुन्हा तपासावे लागले.

तिसरे उदाहरण ‘मॅलॅट-१’. २००३ मध्ये तो फुप्फुसाच्या कर्करोगात सापडला. लांबी सुमारे आठ हजार अक्षरे. २०१६ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील संशोधकांनी उंदरांत हा आरएनए कमी केला, तेव्हा स्तनातील गाठीची वाढ मंदावली आणि फुप्फुसात पसरणे घटले. २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने नेमके उलटे सांगितले : मॅलॅट-१ हा प्रसाराला आळा घालतो, आणि तो काढला की प्रसार वाढतो. दोन्ही प्रयोग नामांकित ठिकाणी झाले, पद्धती वेगळ्या होत्या. एका गटाने उतरलेल्या पानांचा नाश केला होता. दुसऱ्याने मूळ पोथीतच बदल करून पान उतरू दिले नव्हते. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. एकाच पाठाचे दोन अन्वय लागतात तेव्हा आपण पाठ पुन्हा तपासतो. शास्त्रज्ञही तेच करत आहेत.

चौथे उदाहरण वेगळ्या बाजूचे आहे. ‘गॅस-५’ हा वाढ थांबलेल्या पेशींत जमा होणारा आरएनए. त्याचा एक तुकडा डीएनएवरील एका विशिष्ट जागेसारखा दिसतो, त्यामुळे संप्रेरकाचा एक ग्राही फसून त्याला चिकटतो. हीच ती हुलकावणी. २००९ मध्ये दिसून आले की स्तनाच्या कर्करोगात गॅस-५ शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा कमी असतो, आणि तो कमी असला की पेशी मरण टाळतात. म्हणजे या कुळातील सगळेच रोग वाढवणारे नाहीत. काही पहारेकरी आहेत, आणि पहारा उठला की नुकसान होते.

वहिनींच्या ‘बिनकामाच्या गोष्टीनं आजार वाढतो कसा?’ या प्रश्नाचे उत्तर इथवर आले : ती गोष्ट बिनकामाची नव्हती. तिचे काम दिसायला आपल्याला उशीर झाला.

५. व्याकरणाने दिलेला शब्द

आता संज्ञेकडे येऊ. ‘असंकेती’ हा शब्द ‘नॉन-कोडिंग’चा शब्दशः पर्याय आहे. त्यात दोन दोष दिसतात. एक, तो वस्तूचे वर्णन ‘काय नाही’ यावरून करतो. दोन, मराठी वाचकाला ‘असंकेती’ म्हणजे कोणताच संकेत न देणारे असे वाटते. प्रत्यक्षात त्यात नसतो तो फक्त प्रथिनाचा संकेत. वहिनींच्या मुलीने ‘अर्थ नाही’ असे सांगितले, त्यात तिची चूक नव्हती. शब्दाने तिला तिकडेच नेले.

यास्काने पदांचे चार वर्ग केले : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. उपसर्गाला स्वतंत्र अर्थ आहे की नाही यावर शाकटायन आणि गार्ग्य यांचा मतभेद त्याने नोंदवला आहे. शाकटायनाच्या मते उपसर्ग सुटा असताना अर्थ सांगत नाही. तो नाम-आख्याताशी जोडला जाऊन त्यांचा अर्थ उजळतो. गार्ग्याच्या मते त्याला स्वतःचाही अर्थ आहे. पुढच्या वैयाकरणांनी या भेदाला नेमके शब्द दिले : जो अर्थ स्वतः सांगतो तो ‘वाचक’, आणि जो दुसऱ्यात असलेला अर्थ प्रकाशात आणतो तो ‘द्योतक’. निपात वाचक की द्योतक, यावर वैयाकरण आणि नैयायिक यांच्यात दीर्घ वाद झाला.

मराठीतील उदाहरण रोजचे आहे. ‘तिने औषध घेतले’, ‘तिनेच औषध घेतले’, ‘तिनेही औषध घेतले’. ‘च’ आणि ‘ही’ यांना सुटे उभे करून अर्थ विचारला तर विद्यार्थी गोंधळतात. पण ते काढले की वाक्याचा रोख बदलतो. कोण घेत नव्हते, कोणी आधी घेतले होते, हे सगळे त्या एका अक्षरावर अवलंबून असते. ‘हार’ या एका शब्दाचे आहार, विहार, प्रहार, संहार होतात ते मागे लागलेल्या एका-दोन अक्षरांमुळे. ‘वि’ला कोणी अडगळ म्हणत नाही.

प्रथिन बनवणारा आरएनए वाचक आहे. त्याचा अर्थ म्हणजे प्रथिन. हॉटेअर, एक्सिस्ट, गॅस-५ हे द्योतक आहेत. दुसऱ्या जनुकाचा अर्थ केव्हा उजेडात यावा आणि केव्हा झाकला जावा, हे ते ठरवतात. म्हणून ‘दीर्घ द्योतक आरएनए’ ही संज्ञा अभ्यासकांनी विचारात घ्यावी, असे सुचवते. मर्यादा दोन आहेत. ज्यांचे काम सिद्ध झालेले नाही त्यांना द्योतक म्हणणे घाईचे होईल. त्यांच्यासाठी ‘दीर्घ अप्रथिनी आरएनए’ हे तटस्थ नाव ठेवावे. आणि शब्द कितीही नेमका असला तरी पेशी म्हणजे वाक्य नव्हे; उपमा समजुतीपुरती वापरावी, पुराव्याच्या जागी नको.

परिभाषा घडवण्याचा अनुभव या शहराला नवा नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले. त्याच्या पाठ्यपुस्तकांसाठी आदल्याच वर्षी इथे दारुल तर्जुमा हे भाषांतर कार्यालय उघडले होते, आणि वैद्यकाचे शिक्षणही उर्दूत दिले गेले. पुढे माध्यम बदलले आणि त्या संज्ञांपैकी बहुतेक कपाटात गेल्या. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद. दोन्हींनी परिभाषेचे मोठे काम केले. पण दारुल तर्जुमाचा धडा आपल्यालाही लागू आहे : शब्द कोशात राहून जगत नाही. वर्गात, दवाखान्यात आणि घरात कोणी तो बोलला तरच जगतो.

६. पुण्याच्या एका मुलीची वाट

या विषयाचा मराठी पूर्वेतिहास आहे आणि तो विद्यार्थ्यांना सांगायला हवा. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. शाळा हुजूरपागा, नंतर फर्ग्युसन महाविद्यालय. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी १९४३ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली, ती सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून. विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

त्यांचा एक मुख्य विषय होता उंदरांमधील स्तनाचा कर्करोग. उंदरीच्या दुधातून पिलांकडे जाणारा एक विषाणू हा रोग घडवतो, हे १९३६ पासून जॉन बिटनर यांच्या कामामुळे ठाऊक झाले होते. रणदिवे यांनी वारसा, संप्रेरके आणि विषाणू या तिघांचा परस्परसंबंध शोधला. एकटे कारण पुरेसे नसते, कारणे एकमेकांना हाक देतात, ही दृष्टी त्या कामात आहे. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या गेल्या.

मॅलॅट-१वरील २०१६च्या ज्या प्रयोगाचा उल्लेख वर केला, त्यातील उंदरांच्या पेशींत गाठ घडवणारे जनुक चालू करण्यासाठी जी कळ वापरली होती, ती त्याच स्तनअर्बुद विषाणूच्या डीएनएतून घेतलेली आहे. मुंबईत रणदिवे ज्या विषाणूचा पाठपुरावा करत होत्या, तो आज शत्रू म्हणून नव्हे तर साधन म्हणून प्रयोगशाळेत वापरला जातो, आणि त्याच्याच मदतीने या द्योतक पानांचे वाचन चालू आहे.

७. ‘तिथं’ या शब्दाची किंमत

जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. त्याच वर्षी जगातील आकडे होते सुमारे २३ लाख रुग्ण आणि ६ लाख ७० हजार मृत्यू. दोन्ही जोड्यांतील गुणोत्तर पाहावे. जगात नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यू तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आपल्याकडे निम्म्याहून जास्त. कारणे अनेक आहेत. पैसा, अंतर, उपचार अर्धवट सोडणे ही आहेतच. उशिरा निदान हे त्यांतले एक मोठे कारण, आणि उशिराच्या मुळाशी पुष्कळदा न उच्चारलेला शब्द असतो.

शब्दाचा परिणाम मोजता येतो का? महाराष्ट्रात तो मोजला गेला आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगितल्यावर त्या भागातील स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचे तिथे दिसले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमध्ये मोठा प्रयोग केला. १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया, वय ३५ ते ६४. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरच्या परिसरात जाऊन स्तनांची हाताने तपासणी करत आणि माहिती देत. अशा चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या वस्त्यांत माहितीची एक फेरी झाली. इंद्रनील मित्रा, राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील रुग्ण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. या प्रयोगात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. होते ते शिकवलेले हात आणि उघड बोलणे.

म्हणून परिभाषेबरोबर बोलीचाही विचार हवा. आमच्या भागातील तेलुगू फलकांवर ‘रोम्मु क्यान्सर’ असे सरळ लिहिलेले असते. मराठी पत्रकांत मात्र कधी ‘महिलांचे विशेष आजार’, कधी ‘छातीचे विकार’ असे वाचायला मिळते. छातीचे विकार म्हटल्यावर वाचणारी खोकल्याचा विचार करते. ‘स्तन’ हा शब्द ग्रंथात चालतो, ओव्यांत चालतो, तर पत्रकात का चालू नये? ‘अर्बुद’ हा सुश्रुताचा शब्द आहे, पण पत्रकासाठी ‘गाठ’च बरी. ती प्रत्येकीला कळते.

वहिनींच्या कागदाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण त्यांची मुलगी हॉटेअरची चाचणी कुठे होते ते शोधत होती. स्तनाच्या कर्करोगात दीर्घ अप्रथिनी आरएनएची कोणतीही चाचणी किंवा औषध आज नेहमीच्या उपचाराचा भाग नाही. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी ‘पीसीए-३’ या अशाच आरएनएवर आधारलेल्या मूत्रचाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली; स्तनासाठी तसे काही झालेले नाही. आज उपचार ठरतो तो गाठीच्या तुकड्यावरील तीन तपासण्यांवरून : इस्ट्रोजेनचा ग्राही, प्रोजेस्टेरॉनचा ग्राही आणि हर-टू हे प्रथिन. तिन्ही नसतील तर त्याला तिहेरी नकारात्मक म्हणतात. भारतीय अभ्यासांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आढळते, पाश्चात्त्य देशांत १० ते १५ टक्के. ज्या गाठीत ग्राहीवर नेम धरता येत नाही तिच्यासाठी नवे लक्ष्य हवे, म्हणून या आरएनएंकडे संशोधक आशेने पाहतात. ती आशा प्रयोगशाळेतली आहे. तिच्यासाठी चालू उपचार थांबवू नये, पैसेही मोजू नयेत.

८. निष्कर्ष आणि काही सूचना

(अ) ‘असंकेती’ या संज्ञेने ‘निरर्थक’ असा गैरसमज होतो. सर्वसाधारण वर्गासाठी ‘दीर्घ अप्रथिनी आरएनए’ आणि काम सिद्ध झालेल्यांसाठी ‘दीर्घ द्योतक आरएनए’ असे दोन शब्द ठेवावेत.

(आ) कामाचे चार प्रकार खूण, हुलकावणी, वाटाड्या आणि परांची या बोलीतल्या शब्दांनी शिकवावेत. हे शब्द विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

(इ) विज्ञानलेखात एक निष्कर्ष देताना त्याच्या विरुद्धचा निष्कर्षही द्यावा. मॅलॅट-१चे अर्धेच सांगणारा लेख मराठीत असला तरी ज्ञानात भर घालत नाही.

(ई) आरोग्याच्या मराठी पत्रकांत ‘स्तन’ आणि ‘गाठ’ हे शब्द उघड वापरावेत. गाठ बहुधा दुखत नाही. त्वचा खळगल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे, ही लक्षणे त्याच शब्दांत लिहावीत.

(उ) पदवीच्या मराठी वर्गात व्यावहारिक मराठी शिकवताना अर्ज आणि इतिवृत्त यांच्याबरोबर एक वैद्यकीय अहवाल मराठीत समजावून लिहिण्याचा पाठ घ्यावा. यंदा माझ्या वर्गात मी तो घेतला. एकवीसपैकी चौदा विद्यार्थ्यांनी ‘बिनाइन’साठी ‘साधी गाठ’ लिहिले, आणि त्यावर तासभर चर्चा झाली की ‘साधी’ म्हटल्यावर कोणी पुन्हा दाखवायला जाईल का.

वहिनींचा उपचार चालू आहे. औषधांचे सहा डोस झाले, शस्त्रक्रिया झाली, आता किरणोपचार सुरू आहेत. हा लेख छापण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. वाचक-द्योतकाचा भाग त्यांनी दोनदा ऐकला. मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्या सासूबाईंसारखं. स्वतः स्वयंपाक करायच्या नाहीत, पण मीठ किती हे त्याच सांगायच्या.” वर्गात हेच उदाहरण द्यायचे मी ठरवले आहे. या वर्षीच्या हळदीकुंकवाला त्यांनी सर्वांसमोर एक वाक्य सांगितले, तेही त्यांच्या परवानगीने इथे नोंदवते : “स्तनात गाठ लागली तर ‘तिथं’ म्हणू नका, स्तन म्हणा, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.”